हशा नसताना कट कुठे मारायचा

एडिटिंग शिकायला आलेली मुलं विचारतात, सरावाला काय बघू? मी सांगतो, २०२० च्या मार्च ते ऑगस्टमधले अमेरिकेचे लेट नाइट शो, म्हणजे रात्री उशिराचे विनोदी गप्पांचे कार्यक्रम बघा. टाळेबंदीत मी तेच बघत होतो. रिदमबद्दल त्यातून जेवढं कळलं, तेवढं कुठल्याच वर्गात कळलं नव्हतं.

मार्चच्या मध्यावर न्यूयॉर्कचे स्टुडिओ बंद पडले. जिमी फॅलनचा शो घरून सुरू झाला, कॅमेरा बायकोच्या हातात. स्टीफन कोल्बेअरनं सुटाबुटात बाथटबमध्ये बसून मोनोलॉग, म्हणजे शोच्या सुरुवातीचं एकट्याचं विनोदी भाषण केलं. कोनन ओब्रायन ३० मार्चला परतला तो आयफोन आणि व्हिडिओ कॉलच्या भरवशावर.

पण आपल्या कामाचं बघायचं तर सेथ मायर्सचा शो. तो घराच्या माळ्यावरून बोलायचा. एरवी मोनोलॉग हशावर चालतो: पंच (विनोदाची शेवटची ओळ), हशा, श्वास, मग पुढचा विषय. हशा गेला की तिथे नुसती शांतता उरते आणि चांगला विनोदही पडल्यासारखा वाटतो. मायर्सचा ‘अ क्लोजर लुक’ हा भाग मात्र त्यात तरला, कारण तो बातम्यांच्या क्लिपांवर उभा आहे. पंच संपला की लगेच क्लिप येते. हशाची जागा क्लिप घेते आणि एडिटरला हक्काचा कट पॉइंट, म्हणजे दृश्य तोडायची जागा मिळते. हे लक्षात आलं तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता!

एक करून बघा. त्याचा २०१९ चा एक भाग आणि एप्रिल २०२० चा एक भाग हेडफोन लावून ऐका, एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर प्रत्येक पंचनंतरची जागा मोजा. चित्राकडे बघूही नका.

मुलाखतींचं दुखणं वेगळं. व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा पोचतो, दोघं एकमेकांवर बोलतात. म्हणून पाहुण्याला त्याच्या फोनवर वेगळं रेकॉर्डिंग करायला सांगा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवून घ्या, सिंक, म्हणजे आवाज आणि चित्राचा मेळ, जुळवणं सोपं जातं.

फॅलन १३ जुलै २०२० ला स्टुडिओत परतला, पण प्रेक्षक नव्हते. कोल्बेअर ऑगस्टमध्ये थिएटरच्याच इमारतीतल्या एका छोट्या खोलीतून बोलू लागला. त्याला भरलेलं प्रेक्षागृह मिळालं १४ जून २०२१ ला. तो भाग सर्वांत शेवटी बघा आणि हशा ओसरायच्या नेमकं किती आधी तो पुढचं वाक्य उचलतो, तेवढंच टिपा.