आवडत्या गायकाच्या आधी गाताना

गोवा लहान आहे. स्वतःची गाणी लिहून गाणारी, ज्यांच्या ओळी तुम्हाला तोंडपाठ आहेत अशी व्यक्ती आणि तुम्ही एकाच कार्यक्रमपत्रिकेवर यायला इथे फार वर्षं लागत नाहीत. मंच कला अकादमीचा ब्लॅक बॉक्स (छोटं नाट्यगृह) असो, रवींद्र भवन असो, चतुर्थीच्या दिवसांतला देवळाचा सभामंडप असो की आसगावातलं एखादं कॅफे. कार्यक्रम ठरला की बहुतेक नवखे दोनपैकी एक करतात: भारावून जातात, नाहीतर नकळत त्या व्यक्तीसारखंच गायला लागतात. कौतुक आहे ना, मग ते ऐकण्याच्या कामाला लावा.

त्यांची मिळतील तेवढी गाणी काढा आणि प्रत्येकासमोर पट्टी, ताल, लय, विषय आणि पहिली ओळ लिहा. मग तुमच्या गाण्यांचंही तसंच टिपण करा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की अडचण दिसते: दोघांचीही बहुतेक गाणी मध्यलयीत, केरव्यात आणि पावसावर! श्रोत्यांना तुमची पंचवीस मिनिटं आणि त्यांचा पुढचा तास एकसुरी वाटतो तो यामुळे. आठ मात्रांच्या केरव्यामध्ये सहा मात्रांचा दादरा किंवा सात मात्रांचा रूपक एकदा जरी आला तरी कान जागा होतो.

वृत्तही तपासा. मराठीत लिहिणाऱ्याच्या हातून अभंगाचा साचा आपोआप पडतो, म्हणजे सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा मोठा किंवा आठ-आठचा लहान. लहानपणापासून भजन कानावर पडलेल्याच्या हातून तर हमखास. समोरच्याची दोन-तीन गाणी त्याच साच्यात असतील, तर तुमचं त्या साच्यातलं गाणं त्या संध्याकाळी वगळा, कितीही लाडकं असलं तरी.

हे टिपण झालं की ऐकणं थांबवा. शेवटचा आठवडाभर त्यांची गाणी लावू नका. शब्द कुणी उचलत नाही, उचलली जाते ती आवाजाची फेक, ओळीच्या शेवटी घेतलेला श्वास, एखाद्या स्वरावरचा ठरावीक हेलकावा. आपलं गाणं फोनवर रेकॉर्ड करून तिसऱ्या माणसाला ऐकवा आणि ‘कोणासारखं वाटतं?’ एवढंच विचारा. उत्तर पटकन आलं, तर त्या जागा बदला.

त्यांना निरोप पाठवताना कौतुकाला एक वाक्य पुरे, आणि ते नेमकं असू द्या: अमुक गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यातली अमुक ओळ. सोबत आपल्या गाण्यांच्या लिंका जोडू नका, नाहीतर कौतुक उसनवारीचं वाटतं. पुढे कामाचं विचारा: तुमच्यासोबत वाद्यं कोणती, पट्टी कुठली, मंचावर काय आधीपासून मांडून ठेवायचं, शेवटी एखादं गाणं एकत्र घ्यायचं का. शेवटच्या प्रश्नाला ‘नको’ आलं, तर विषय संपला.

‘हो’ आलं तर आधी पट्टी ठरवा. पुरुषाची पेटीवरची काळी एक आणि बाईची काळी चार, यांत पंचमाचं अंतर पडतं, आणि एकाने ताणून गायलं तर गाणं पडतं. मधला मार्ग म्हणजे सा पांढरी चारवर धरून खालच्या स्वरांतला मुखडा पुरुषाला आणि वर जाणारा अंतरा बाईला देणं. गिटारवाल्याने कॅपोचा (तारा दाबून पट्टी चढवणाऱ्या चापाचा) हिशेब लिहून ठेवावा: काळी एकला पहिल्या पडद्यावर (फ्रेटवर) कॅपो लावून ‘सी’चे आकार, काळी दोनला तिसऱ्यावर तेच, काळी चारला पहिल्यावर ‘जी’चे. पांढरी चारला पाचव्यावर ‘सी’ किंवा तिसऱ्यावर ‘डी’.

ध्वनितपासणी सहसा उलट्या क्रमाने होते. शेवटी गाणाऱ्यांची आधी, सुरुवात करणाऱ्यांची सर्वांत शेवटी, म्हणजे मंच तुमच्यासाठी लावलेलाच राहतो. पण उशीर झाला की कापली जाते तीही तुमचीच. म्हणून गरजांचा कागद आधीच ध्वनिवाल्याच्या हातात द्या: आवाजाचा एक माईक, गिटारला डीआय बॉक्स (गिटार थेट ध्वनियंत्रणेला जोडणारी डबी), तानपुऱ्याचं ॲप चालवणाऱ्या फोनला एक लाइन (फोन एअरप्लेन मोडवर), मॉनिटरमध्ये (गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) आपला आवाज जास्त आणि गिटार थोडी. माईकची जाळी मुठीत धरली की शिट्टी येते, कारण मागून येणारा आवाज अडवण्याचा त्याचा गुण तिथेच संपतो. गिटार घुमायला लागली तर भोकावर रबरी झाकण बसवा आणि खालचे स्वर १०० हर्ट्झच्या आसपास कमी करायला सांगा. गिटारमध्ये नऊ व्होल्टची नवी बॅटरी घाला, एक खिशात ठेवा.

गोव्याच्या हवेचं वेगळं बघावं लागतं. पावसाळ्यात गिटारचं लाकूड फुगतं आणि तारा वर उचलतात, तर तबल्याचं आणि घुमटाचं (गोव्यातल्या मातीच्या तालवाद्याचं) चामडं दमटपणाने सैल होऊन स्वर उतरतो. वातानुकूलित खोलीतून थेट उघड्या मंडपात वाद्य नेलं की दुसऱ्या गाण्यापर्यंत ते बेसूर होतं. वीसेक मिनिटं आधी मंचाच्या कडेला उघडून ठेवा, मग लावा.

आता वेळ. पंचवीस मिनिटांत चार-चार मिनिटांची पाच गाणी बसतात, हा कागदावरचा हिशेब. टाळ्या, दोन वाक्यं आणि कॅपो बदलणं धरलं तर चारच बसतात. उघड्यावरच्या कार्यक्रमात पाचवं रेटलं तर त्याचा फटका थेट त्यांना बसतो: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, पण तुमचा कार्यक्रम त्यात आहे का हे आयोजकाला आधी विचारा. नसेल, तर तुम्ही लांबवलेली पाच मिनिटं ज्यांचं कौतुक करता त्यांच्याच शेवटच्या गाण्यातून जातात. घड्याळ पायाशी ठेवा.

मंचावर त्यांचं नाव एकदाच घ्या, शेवटच्या गाण्याआधी. ‘यांच्यापुढे मी काय गाणार’ हे वाक्य टाळा; त्याने श्रोते आणि ते दोघेही अवघडतात. त्यांचं गाणं गायचंच असेल तर परवानगी आधी घ्या, आणि शब्द व चाल वेगवेगळ्या माणसांची असतील तर दोन्ही नावं सांगा. दोन्हींचे हक्क स्वतंत्र असतात. एकत्र गायलेल्या गाण्याची क्लिप टाकण्यापूर्वीही विचारा, विशेषतः त्यांचं ते गाणं अजून प्रकाशित झालेलं नसेल तर. आपलं गाणं संपलं की केबल गुंडाळा, पाण्याची बाटली उचला, कॅपो विसरू नका, आणि मंच मोकळा करून श्रोत्यांत जाऊन बसा.