मोटारसायकलवरून स्कूटरवर येताना: लहान चाक समजून घ्या

सोलापुरात कित्येक वर्षे मोटारसायकल चालवलेला माणूस घरातल्या सर्वांना वापरता यावी म्हणून स्कूटर घेतो आणि पहिल्याच आठवड्यात तक्रार करतो की हँडल फार हलके आहे आणि गाडी खड्ड्यात आपटते. बहुतेक वेळा गाडीत दोष नसतो. चाक लहान झालेले असते आणि चालवण्याची सवय मात्र मोठ्या चाकाचीच राहिलेली असते.

आधी टायरवरचा आकडा वाचावा. ९०/९०-१२ असे असेल, तर पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा टायरची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत देतो. होंडा अ‍ॅक्टिव्हा ६जीचे पुढचे चाक १२ इंची आणि मागचे १० इंची आहे. हिरो स्प्लेंडरची दोन्ही चाके १८ इंची आहेत. रिमच्या व्यासात टायरची उंची दोनदा मिळवली की चाकाचा खरा व्यास निघतो. ९०/१००-१० टायरचा तो सुमारे ४३ सेंटीमीटर भरतो, तर ८०/१००-१८ टायरचा सुमारे ६२ सेंटीमीटर.

या फरकाचा अर्थ खड्ड्यापाशी कळतो. समजा, रस्त्यात ३० सेंटीमीटर लांबीचा खोल खड्डा आहे. चाक त्याच्या दोन्ही काठांवर टेकेपर्यंत १८ इंची चाक जेमतेम ४ सेंटीमीटर खाली उतरते, तर १० इंची चाक सुमारे ६ सेंटीमीटर उतरते आणि समोरच्या काठावर अधिक उभे धडकते. त्यात स्कूटरचे इंजिन सहसा मागच्या चाकासोबतच वर-खाली होत असल्यामुळे ते वजनही शॉकअबला आवरावे लागते. मोटारसायकलवर फूटरेस्ट साधारण शरीराच्या खाली असल्याने क्षणभर उभे राहून धक्का पायांवर घेता येतो. स्कूटरवर पाय पुढे असतात, त्यामुळे तोच धक्का थेट कमरेत बसतो. म्हणून खड्डा दिसताच आधी ब्रेक लावून वेग कमी करावा आणि चाक खड्ड्यात उतरण्यापूर्वी ब्रेक सोडून द्यावा. ब्रेक दाबलेलाच राहिला तर पुढचा शॉकअब आधीच दबलेला असतो आणि धक्का झेलायला त्याच्यात जागा उरत नाही. हाताची कोपरे सैल असावीत. ताठ हात प्रत्येक हिसका हँडलमध्ये परत पाठवतात.

साइडपट्टीबद्दल मी विशेष आग्रहाने सांगतो, कारण तुळजापूर रस्त्यावर एका ट्रकला वाट देताना मी स्वतः तिथेच घसरलो होतो. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यानंतर साइडपट्टी खचते आणि डांबराचा काठ चार-पाच सेंटीमीटर उंच राहतो. खाली उतरल्यावर काठाला समांतर जात हळूच वर चढण्याचा प्रयत्न केला, की लहान चाक काठाला घासत राहते, वर चढत नाही आणि गाडी आडवी होते. अशा वेळी वेग अगदी कमी करावा, मागून येणारी वाहने पाहावीत आणि काठ शक्य तितक्या काटकोनात ओलांडावा. रेल्वे फाटकातील रूळही तसेच ओलांडावेत.

आता हँडलच्या हलकेपणाविषयी. अनेकांना वाटते की स्कूटर लांबीने लहान असते म्हणून पटकन वळते. पण अ‍ॅक्टिव्हा ६जीच्या दोन चाकांमधले अंतर १,२६० मिलिमीटर आहे आणि स्प्लेंडरचे १,२३६, म्हणजे उलट थोडे कमीच. खरे कारण चाकात आहे. फिरणारे चाक आपली दिशा टिकवू पाहते आणि लहान, हलक्या चाकात ही ओढ कमी असते. हँडलचा दांडा ज्या रेषेत कललेला असतो ती रेषा जमिनीला टेकते त्याच्या थोडे मागे टायर टेकतो. हे मागे पडलेले अंतर हँडलला सरळ ठेवते आणि बाकी रचना तीच असेल तर चाक लहान केल्यावर तेही घटते. नवी पेठेच्या गर्दीत हा गुण वरदान ठरतो. पुणे महामार्गावर मात्र ट्रक शेजारून गेल्यावर वाऱ्याच्या झोताने हलके पुढचे चाक चटकन विचलित होते, म्हणून तेथे मोठ्या वाहनांपासून अंतर वाढवावे आणि हँडलला झटका न देता हळुवार दाबानेच दिशा बदलावी. मोटारसायकलवर गुडघ्यांनी टाकी धरून गाडी सावरायची सवय असते, पण स्कूटरवर धरायला टाकीच नसते.

सामानाची जागाही महत्त्वाची आहे. चादरींचा गठ्ठा फूटबोर्डवर ठेवल्यास वजन खाली आणि दोन चाकांच्या मध्ये राहते, हे चांगलेच. मात्र तो हँडलच्या फिरण्याच्या आड येऊ नये आणि दोन्ही पाय ठेवायला जागा उरावी. तोच गठ्ठा मागच्या टोकाला बांधला तर आधीच हलके असलेले पुढचे चाक आणखी हलके होते.

हवा आठवड्यातून एकदा, सकाळी टायर थंड असताना तपासावी आणि एकट्यासाठी व दोघांसाठी गाडीवर छापलेले आकडे पाळावेत. मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडू नये, कारण टायर थंड झाल्यावर ती कमी पडते. कमी हवेत खड्ड्याचा काठ थेट रिमला लागतो. वर सांगितलेले १० इंची चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ७३० फेरे मारते, तर १८ इंची सुमारे ५२०. त्यामुळे मागच्या लहान टायरच्या नक्षीवर अधिक लक्ष ठेवावे.

चाकाच्या आकारानेच स्कूटर ओळखायची का, असे कोणी विचारील. १९४६ च्या व्हेस्पाला ८ इंची चाके होती, तर २०१६ मध्ये भारतात आलेल्या एप्रिलिया एसआर १५० ला १४ इंची. म्हणजे आकार बदलत आला आहे. समोर मोकळी पाय ठेवायची जागा आणि सीटखाली किंवा मागच्या चाकाशी असलेले इंजिन ही खूण अधिक पक्की आहे. लहान चाकामुळे सीटखाली डिकीला जागा मिळते. जुन्या बजाज चेतकची दोन्ही चाके १० इंची होती, त्यामुळे गाडीवरच बाळगलेली एकच स्टेपनी पुढे-मागे कुठेही चालत असे.

नवी गाडी निवडताना रोजचा मार्ग पाहावा. शहरातच फिरणे असेल तर १२ आणि १० ची जोडी पुरेशी आहे. रोज अक्कलकोट किंवा मोहोळपर्यंत जाणे असेल तर दोन्ही चाके १२ इंची असलेली किंवा त्याहून मोठ्या चाकांची स्कूटर घ्यावी, आणि रस्ता कच्चा असेल तर मोटारसायकलच बरी. जुन्या स्कूटरला मोठे रिम बसवून घेऊ नये. मडगार्ड, ब्रेक, हँडलचा कल आणि स्पीडोमीटर हे सर्व मूळ आकार धरून बनवलेले असते. चाचणीसाठी गाडी घेतल्यावर गुळगुळीत रस्त्यावर एक फेरी मारून परत येऊ नये. मागे माणूस बसवून एक गतिरोधक, एक खडबडीत तुकडा आणि एक संथ वळण असा मार्ग घ्यावा आणि कमरेला काय जाणवते ते पाहावे.