स्की टूरची पहिली वाट: आधी नकाशावरचे रंग बघा

मी झुरिकला राहते. इथे आलेली सह्याद्रीतली भटकी मंडळी मला विचारतात, "ताई, पहिली स्की टूर कुठली करू?" (स्की टूर म्हणजे लिफ्ट न वापरता स्की घालूनच बर्फाळ डोंगर चढायचा आणि स्कीवरून घसरत उतरायचं.) मी डोंगराचं नाव सांगत नाही, आधी स्विसटोपोचा, म्हणजे स्विस सरकारच्या नकाशा खात्याचा, ऑनलाइन नकाशा उघडायला लावते. फुकट आहे. त्यात 30 अंशांहून तीव्र उतारांचा थर चालू करा: 30 पासून पिवळा, 35 पासून नारिंगी, 40 पासून लाल, 45 पासून जांभळा. हिमस्खलनं बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवरच सुटतात. म्हणून वाट बिनरंगी भागातून जाणारी हवी.

पण तेवढं पुरत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही अशाच एका सौम्य वाटेने चढत होतो आणि पायाखालचा बर्फ "वूम" करून खचला. खालचा कच्चा थर बसला होता. आमच्या डोक्यावर नारिंगी उतार होता. खालून दिलेल्या धक्क्यानेही वरचं बर्फ सुटू शकतं, हे तेव्हा अंगावर काटा येऊन कळलं. तिथूनच परत फिरलो. तेव्हापासून मी वाटेइतकंच वाटेच्या वर काय आहे तेही बघते.

डावोसची एसएलएफ ही संस्था हिवाळ्यात रोज संध्याकाळी 5 ला हिमस्खलनाचा अंदाज देते, सकाळी 8 ला पुन्हा. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. नवख्यांनी 1 किंवा 2 असेल तेव्हाच निघावं. वाटांच्या श्रेणीत 'एल', म्हणजे सगळ्यात सोपी, शोधा. चढाई 800 मीटरच्या आत ठेवा. स्कीच्या तळाला स्किन (मागे घसरू न देणारी केसाळ पट्टी) लावून तासाला 300 मीटर उंची चढलात तरी छान.

माझी आवडती सुरुवात म्हणजे झाटेल गावातून वाइल्डस्पिट्झ. उंची 1580 मीटर, आपल्या कळसूबाईहून कमी! चढ साधारण 800 मीटर. गावापर्यंत ट्रेन जाते. सुरुवात खालून असल्याने भरपूर बर्फ पडल्यावरच जा, आणि वन्यप्राण्यांसाठी राखलेल्या भागात शिरू नका. रॉसबर्गचा हा माथा. याच डोंगराचा दक्षिण उतार 1806 मध्ये कोसळून गोल्डाऊ गाव गाडलं गेलं, 457 माणसं गेली. माथ्यावर उभी राहिले की मला ते आठवतंच.

बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवंच, आणि वापरायचा सराव निघायच्या आदल्या आठवड्यात करा. पहिल्या दोन-तीन टूर वाटाड्या किंवा जाणत्या सोबत्याबरोबरच.