ताण आला की खाऊच्या डब्याकडे जाणारा हात: सवय कशी मोडली

ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं, गोड-तेलकट खावंसं वाटतं आणि मेंदू जुनीच वाट धरतो. म्हणून नुसता निर्धार पुरत नाही.

आधी आठवडाभर वहीत टिपलं: वेळ, जागा, मनात काय चाललंय, खरी भूक आहे का. एकच वेळ पुन्हापुन्हा दिसली, काम संपल्यावरची. मग त्या वेळेपुरता एकच नियम: लॅपटॉप मिटला की चपला घालून १० मिनिटं चालायचं. डबा वरच्या फळीवर, नजरेआड. तलफ लाटेसारखी चढते, ओसरते, तेवढं थांबायचं.

एकदम चार सवयी बदलू नका, तिथेच घोडं अडतं. लंडनमधल्या २०१० च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा चपला घाला.