आयर्न क्रॉस घेताना या चुका टाळा

फोटो येतो, खाली एकच प्रश्न: "कडीवर शिक्का आहे, म्हणजे अस्सल ना?" आठवड्यातून एकदा तरी. १९१४ चा जर्मन आयर्न क्रॉस, दुसरा वर्ग, हे बहुतेकांचं पहिलं जर्मन पदक असतं आणि पहिली चूकही ह्याच कडीवर होते.

क्रॉसच्या माथ्यावर लहानसा कान असतो. त्यातून रिबिनीची कडी ओवलेली असते आणि कारखान्याचा शिक्का असलाच तर तो सहसा ह्या कडीवर. कडी सुटी करता येते, हे लोक विसरतात. मीही विसरलो होतो. आठेक वर्षांपूर्वी एका ऑनलाइन लिलावात 'केओ' शिक्क्याचा क्रॉस दिसला. हा शिक्का बर्लिनच्या राजटांकसाळीचा समजला जातो, त्यामुळे चुरस वाढली आणि मी नेहमीच्या दुप्पट बोली लावली. पार्सल आलं. घरातला 'केओ' शेजारी ठेवला, तर क्रॉसवरचा मुकुट वेगळा, कैसर विल्हेल्मच्या आद्याक्षराचे, म्हणजे 'डब्ल्यू'चे पाय वेगळे, चौकटीच्या आतले रव्यासारखे दाणेही जाडसर. मग कडी भिंगाखाली धरली. सांध्याच्या दोन्ही बाजूंना पकडीचे ताजे, चकचकीत ओरखडे! क्रॉस अस्सलच होता, पण दुसऱ्याच कारखान्याचा. कुणीतरी मोडक्या क्रॉसची कडी काढून ह्याला घातली होती. मी कडीचे पैसे मोजले होते.

तेव्हापासून मी कडी शेवटी बघतो. आधी चौकट, मग गाभा, मग कान. नवी मंडळी बरोबर उलटं करतात, कारण शिक्क्यांची यादी पाठ करणं सोपं आणि डाय, म्हणजे ठसा उठवणारा साचा, ओळखायला वर्षं जातात. यादी पाठ करून संग्राहक होता येत नाही, हे माझं मत कुणाला आवडत नाही.

दुसरी चूक ह्याच्या नेमकी उलटी. "माझ्या मित्राच्या क्रॉससारखा दिसत नाही, म्हणजे नकली." अरे बाबा, पहिल्या महायुद्धात दुसऱ्या वर्गाचे ५० लाखांहून जास्त क्रॉस दिले गेले. एवढे एका कारखान्यातून निघतात का? अनेक कारखाने, प्रत्येकाचे डाय वेगळे. १९१४ चे आकडे कुठे सडपातळ, कुठे ठसठशीत. कित्येक अस्सल क्रॉसवर तर शिक्काच नाही. तुलना करायची तर त्याच कारखान्याच्या, त्याच प्रकारच्या क्रॉसशी करा.

घडण मात्र बघाच. नेहमीचा क्रॉस तीन भागांचा: मध्ये काळा केलेला लोखंडी गाभा, पुढून-मागून चांदीच्या दोन चौकटी, कडेने झाळलेल्या. आडवा धरून कड बघितली की दोन चौकटींचा सांधा सापडतो. स्वस्तातल्या नकला एकसंध ओतलेल्या असतात. तिथे सांधा नसतो, किंवा ओरखडा काढून सांध्याचं सोंग आणलेलं असतं. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, तरी लोक करत नाहीत.

लोहचुंबक चिकटला म्हणून नाचू नका. नकलाकारालाही लोखंड मिळतं. नाही चिकटला म्हणून फेकूही नका. पितळी गाभ्याचे अस्सल क्रॉसही आहेत.

क्रॉसच्या मागच्या बाजूला '१८१३' दिसलं म्हणून "नेपोलियनच्या काळातला" असं सांगणारे विक्रेते अजून भेटतात. ते वर्ष स्थापनेचं. प्रशियाच्या राजाने १८१३ मध्ये क्रॉस सुरू केला, १८७० आणि १९१४ मध्ये तो पुन्हा जारी झाला आणि ह्या दोन्हींच्या मागच्या बाजूला ते वर्ष ठेवलं गेलं. पुढच्या बाजूचं वर्ष बघा की.

१९३९ चा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला स्वस्तिकवाला, म्हणून घेतलेल्या क्रॉसवर मधोमध ओकची पानं असतील, तर तो १९५७ च्या जर्मन कायद्यानंतरच्या नमुन्याचा आहे. स्वस्तिक नसलेली ती बदली पदकं. खोटी नव्हेत, पण युद्धकाळातलीही नव्हेत.

आणि साफसफाई. हात जोडून सांगतो, ही समई नाही. ओळखीच्या एका मुलाने चिंच लावून क्रॉस घासला. चौकट लखलखली, गाभ्याचा काळा रंग ठिकठिकाणी उडाला आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे तांबूस गंज चढला. पुन्हा रंग देऊ का, असं विचारत होता! मी कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकतो, सिलिका जेलची पुडी घालून डबी बंद करतो. चांदीवरचा काळपटपणा तसाच राहू देतो. खाचांत शंभर वर्षांची काजळी आणि उंचवट्यांवर झिजलेली चमक, हे बघूनच तर मी निम्मे क्रॉस ओळखतो.

रिबिनीवरून किंमत ठरवू नका. ती कडीपेक्षाही लवकर बदलते.