वर्ड सतत बंद पडत असल्यास दोष कुठे शोधावा

वर्ड चालता चालता बंद पडू लागले की ‘ऑफिस काढून पुन्हा टाका’ हा सल्ला तहसीलसमोरच्या टायपिंग सेंटरपासून विद्यापीठ परिसरातल्या डीटीपीवाल्यांपर्यंत सगळीकडे ऐकायला मिळतो. तो सर्वांत शेवटी अमलात आणावा. दोष बहुतेक वेळा वर्डच्या मूळ फायलींत नसतो, तर उघडलेल्या दस्तऐवजात, वर्डला जोडलेल्या एखाद्या ॲड-इनमध्ये (जादा सोय देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये), नॉर्मल नावाच्या टेम्प्लेटमध्ये (नव्या फायलीच्या मूळ साच्यात) किंवा प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये (संगणकाला प्रिंटरशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) असतो, आणि ऑफिस पुन्हा टाकले तरी या गोष्टी सहसा जिथल्या तिथेच राहतात.

दोष शोधण्यापूर्वी मजकूर सुरक्षित करावा. वरच्या पट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसताच टास्क मॅनेजर उघडून वर्ड बंद करण्याची घाई करू नये, कारण मोठ्या फायलीच्या पानांची फेरमांडणी किंवा सेव्ह चालू असेल तर काही मिनिटांत ते स्वतःहून मोकळे होते. बंद पडलेच, तर पुन्हा उघडल्यावर डावीकडे सुटलेल्या मजकुराच्या प्रती दिसतात. त्यांतली ताजी प्रत उघडून ती नव्या नावाने सेव्ह करावी. एकदाही सेव्ह न केलेली फाईल ‘फाईल’, ‘इन्फो’, ‘मॅनेज डॉक्युमेंट’ या वाटेने ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’मध्ये पाहावी. अशी प्रत आपोआप ठेवण्याचा मूळ कालावधी 10 मिनिटांचा असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात लाईट केव्हा जाईल याचा नेम नसल्याने, विशेषतः यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर, तो ‘ऑप्शन्स’मधील ‘सेव्ह’ या भागात जाऊन 2 मिनिटांवर आणावा. ग्राहकाने पेन ड्राइव्हवर आणलेली फाईल थेट उघडू नये. वर्ड आपल्या तात्पुरत्या फायली त्याच फोल्डरमध्ये तयार करत असते, आणि मध्येच ड्राइव्ह हलला की काम अडते. ती आधी हार्ड डिस्कवर घ्यावी आणि पुढचे सारे प्रयोग तिच्या प्रतीवरच करावेत.

त्यानंतर नवी कोरी फाईल घेऊन त्यात थोडा मजकूर टाइप करावा, एक टेबल घालावे आणि प्रिंटचे पान उघडून पाहावे. हे सारे सुरळीत झाले आणि एकच विशिष्ट फाईल उघडताना वर्ड बंद पडत असेल, तर दोष त्या फायलीत आहे. कोऱ्या फायलीतही तेच घडत असेल, तर तो वर्डमध्ये किंवा त्याच्या भोवतालच्या गोष्टींत आहे.

दुसऱ्या स्थितीत कंट्रोल की दाबून धरून वर्डच्या चिन्हावर डबल क्लिक करावे आणि सेफ मोडबद्दल विचारणा होताच ‘येस’ म्हणावे. सेफ मोडमध्ये ॲड-इन लोड होत नाहीत. म्हणून तिथे वर्ड नीट चालले तर संशय प्रथम त्यांच्यावरच घ्यावा. ‘ऑप्शन्स’मधील ‘ॲड-इन्स’च्या तळाशी ‘कॉम ॲड-इन्स’ निवडून ‘गो’ दाबावे, सर्व खुणा काढाव्यात, वर्ड नेहमीसारखे सुरू करावे आणि एकेक ॲड-इन पुन्हा लावत जावे. पीडीएफ बनवणारी आणि शोधप्रबंधाची संदर्भसूची जुळवणारी ॲड-इन्स मी आधी तपासतो. मराठी टायपिंगचे जुने सॉफ्टवेअर मात्र या यादीत दिसेलच असे नाही, कारण ते घड्याळाजवळच्या कोपऱ्यात स्वतंत्रपणे चालू असते. ते बंद करून विंडोजच्या मराठी कीबोर्डवर थोडा वेळ टाइप करून पाहिले की त्याचा संबंध आहे की नाही ते कळते.

ॲड-इन काढूनही फरक पडला नाही तर नॉर्मल टेम्प्लेटकडे वळावे. वर्ड पूर्ण बंद करून ‘रन’च्या चौकटीत (विंडोज की आणि आर एकत्र दाबल्यावर उघडणाऱ्या) दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ‘ॲपडेटा’ हा शब्द इंग्रजीत लिहावा आणि उघडणाऱ्या फोल्डरमधून ‘मायक्रोसॉफ्ट’ व पुढे ‘टेम्प्लेट्स’ येथे जावे. तिथल्या ‘नॉर्मल’ फायलीचे नाव बदलावे, ती पुसून टाकू नये. सेंटरमध्ये वर्षानुवर्षे जमवलेले मॅक्रो (नेहमीची कामे एका आज्ञेत करणाऱ्या सूचना), ठरवलेले समास आणि फॉन्ट तिच्यातच असतात. वर्ड पुढच्या वेळी नवी नॉर्मल फाईल स्वतः तयार करते.

प्रिंटरचा संशय फारसा कोणी घेत नाही. वर्ड पानाची मांडणी करताना डिफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरचा आधार घेते. तो प्रिंटर नेटवर्कवरचा असून बंद असेल किंवा त्याचा ड्रायव्हर बिघडला असेल, तर प्रिंट न देताही वर्ड अडकते. ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ तात्पुरता डिफॉल्ट करून पाहावे, आणि त्याआधी डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवण्याची सोय बंद करावी, नाहीतर तो पुन्हा बदलतो.

दोष फायलीतच असेल तर ‘ओपन’च्या खिडकीत फाईल निवडून, ‘ओपन’ बटणाशेजारच्या बाणातून ‘ओपन अँड रिपेअर’ निवडावे. उघडली की कंट्रोल-होम, मग कंट्रोल-शिफ्ट-एंड, आणि शेवटी शिफ्ट धरून डावा बाण एकदा दाबावा; शेवटचे परिच्छेदचिन्ह वगळून बाकी सर्व निवडले जाईल. ते कॉपी करून नव्या फायलीत पेस्ट करावे. त्या एका चिन्हात शेवटच्या विभागाच्या मांडणीची माहिती साठवलेली असते, आणि बिघाड तिथे असेल तर तो जुन्या फायलीतच राहतो. तरीही अडचण कायम राहिली, तर फायलीचे दोन भाग करावेत आणि जो भाग बंद पडतो त्याचे पुन्हा दोन, असे करत दोषी पानापर्यंत पोहोचावे. सर्वेक्षणावर आधारलेल्या प्रबंधात मोबाईलवरून थेट आणलेले, प्रत्येकी 4-5 एमबीचे फोटो टेबलच्या खान्यांत कोंबलेले असतात, आणि अशा पानावर वर्ड वारंवार थांबते. फोटोवर क्लिक करून ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये 150 पीपीआय (इंचामागे 150 ठिपके) निवडले की भार बराच हलका होतो. पानावर फोटो नसेल तर तिथला फॉन्ट तपासावा. शेकडो फॉन्ट भरलेल्या संगणकावर एखादी बिघडलेली फॉन्ट-फाईल असणे नवलाचे नाही.

फाईल उघडतच नसेल तर ती लिब्रेऑफिस रायटरमध्ये उघडून पाहावी. तेही जमले नाही, तर प्रतीच्या नावाअखेरचे ‘डॉकएक्स’ बदलून ‘झिप’ करावे. आतील ‘वर्ड’ फोल्डरमधल्या ‘मीडिया’ या फोल्डरमध्ये निदान चित्रे तरी शाबूत सापडतात.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर संगणकावरच्या घडामोडींची नोंद दाखवणाऱ्या विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘ॲप्लिकेशन’ या नोंदी उघडाव्यात. वर्ड बंद पडल्याच्या नोंदीत ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ (जिथे बिघाड झाला ती फाईल) म्हणून प्रिंटरच्या किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरची फाईल असेल, तर तो ड्रायव्हर बदलावा. तिथे ऑफिसचीच फाईल दिसली, तर कंट्रोल पॅनेलमधून आधी ‘क्विक रिपेअर’ आणि त्याने भागले नाही तरच ‘ऑनलाईन रिपेअर’ करावे. ऑनलाईन रिपेअर सारे ऑफिस जवळजवळ नव्याने उतरवून घेते, म्हणून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सुरू करू नये आणि ऑफिसच्या खात्याचा पासवर्ड आधीच हाताशी ठेवावा. ऑफिस 2016 आणि 2019 यांचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, त्यामुळे या आवृत्त्यांमधल्या मूळ दोषावर नवी दुरुस्ती येण्याची वाट पाहू नये.