पिकअपच्या पुढच्या चाकांचे बेअरिंग घरी बदलायचेत? सगळं काम शेवटच्या नटात आहे

पुढून घूंऽऽ असा आवाज येतोय, स्पीड वाढला की तो पण चढतोय आणि चालत्या गाडीत स्टिअरिंग थोडं उजवीकडे घेतलं की वाढतोय, डावीकडे घेतलं की कमी होतोय, तर बहुतेक वेळा डाव्या चाकाचं बेअरिंग गेलेलं असतं, कारण वळताना वजन बाहेरच्या चाकावर जातं. पण थांबा, लगेच बेअरिंग आणायला पळू नका. टायर उंचसखल झिजला असला तरी डिट्टो असाच आवाज येतो, म्हणून आधी टायरवरून हात फिरवून बघा. मग चाक जॅकवर उचला, घड्याळात 12 आणि 6 असतात तिथे दोन्ही हातांनी धरा आणि आतबाहेर हलवा. खटखट लागली तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग, तरी पण हलतंय तर बॉल जॉइंट, म्हणजे सस्पेन्शनचा गोळ्यावर फिरणारा सांधा. ही दोन मिनिटांची टेस्ट नक्की करा, नाहीतर अख्खी दुपार घालवून चांगलं बेअरिंग काढाल आणि आवाज तिथेच. अजून एक, पुढे कॉइल स्प्रिंग असेल तर एक हात स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा, आत रोलर खराब असतील तर स्प्रिंगमधून बारीक खरखर बोटांना लागते, कानाला ऐकू यायच्या आधी.

आता तुमच्या गाडीत कुठल्या टाइपचं बेअरिंग आहे ते बघा. मी इथे सांगतोय ते जुन्या पद्धतीचं, म्हणजे टू व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये असतं ते, एका हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आत एक आणि बाहेर एक असे दोन टेपर रोलर, म्हणजे तिरक्या रोलरचे बेअरिंग, मागे ऑइल सील, पुढे खाचांचा कॅसल नट, स्प्लिट पिन आणि वर पत्र्याची टोपी. बऱ्याच नव्या गाड्यांत हे काहीच नसतं, अख्खं हब युनिट सील करून येतं आणि मागून तीन-चार बोल्टवर नकलमध्ये (स्टिअरिंगबरोबर वळणारा, हब धरणारा भाग) बसतं. ते असेल तर ग्रीस भरणं नाही, अॅडजस्टमेंट नाही, जुनं काढा नवं लावा, फक्त एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर जपा आणि गंजलेल्या बोल्टना आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तिसरा प्रकार नकलमध्ये प्रेसने दाबून बसवलेला, त्याला हायड्रॉलिक प्रेस लागतो, तो घरी हातोड्याने ठोकायच्या नादाला लागू नका, खरंच.

गाडी सपाट पक्क्या जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. व्हील नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग जॅक, आणि जॅकनंतर स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, पाच मिनिटांसाठी पण नाही.

चाक काढलं की कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) सोडवा आणि तारेने वर बांधून ठेवा, होजवर, म्हणजे ब्रेकच्या रबरी नळीवर लटकवू नका, आतून होज खराब होतो आणि बाहेरून काही दिसत नाही. टोपी स्क्रू ड्रायव्हरने चारी बाजूंनी थोडी थोडी उचका, स्प्लिट पिन काढा (ही परत वापरायची नाही, नवीनच घालायची), नट आणि वॉशर काढा. आता डिस्क (ती हबलाच जोडलेली असते) थोडी पुढे ओढली की बाहेरचं बेअरिंग आपोआप हातात येतं, खाली हात धरा नाहीतर मातीत पडेल. मग हब सरळ बाहेर काढा, मागचं सील उचकून काढा, आतलं बेअरिंग पण मोकळं होतं. आतलं-बाहेरचं कुठलं, ते काढलेल्या क्रमाने कपड्यावर मांडून ठेवा.

हबच्या आत ज्या गुळगुळीत रिंगा बसलेल्या असतात ते कप. इथे बरेच जण शॉर्टकट मारतात, कप चांगला दिसतोय राहू दे, फक्त रोलरवालं बेअरिंग बदलू. असं करू नका! कप आणि बेअरिंग ही जोडी आहे, जुन्या कपावर नवे रोलर फार दिवस टिकत नाहीत. जुना कप पुसून उजेडात धरा, खड्डे, टवके, निळसर झालेला पट्टा, काही ना काही दिसेलच आणि बेअरिंग कशाने गेलं ते पण कळेल. निळं झालं असेल तर तापलंय, म्हणजे ग्रीस संपलं होतं किंवा कोणीतरी नट जास्त आवळला होता.

कप काढायला हबमध्ये आतून दोन खाचा असतात, तिथे पितळी पंच लावून एकदा इकडे एकदा तिकडे असं ठोकत आणा. नवीन कप बसवायला स्टीलचा पंच नको, चरा पडला की कप गेला. माझी पद्धत अशी, जुन्या कपाची बाहेरची बाजू ग्राइंडरवर थोडी घासून बारीक करायची आणि तोच नव्या कपावर ठेवून ठोकायचं. जाड बाजू आत, तिरका उतार बाहेर. ठोकताना आवाज ऐका, कप जात असतो तोपर्यंत बद बद येतो आणि तळाला टेकला की एकदम टणक, घणघणीत होतो. आवाज बदलला की थांबा आणि कपाच्या मागे फट नाही ना ते टॉर्चने बघा.

स्टब एक्सल, म्हणजे हब ज्यावर फिरतं तो दांडा, स्वच्छ पुसा, नख फिरवून चरे आहेत का बघा. धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवू नका, खराब होतं आणि फुटून अंगावर येऊ शकतं.

आता ग्रीस. डिस्क ब्रेकच्या चाकांसाठीचं, जास्त तापमान झेलणारं, नंबर 2 चं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा आकडा) व्हील बेअरिंग ग्रीस घ्या आणि जुनं ग्रीस सगळं काढून टाका, दोन जातीची ग्रीस एकत्र झाली की कधी कधी पातळ होऊन गळतात. तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या, बेअरिंगची रुंद बाजू त्याच्या कडेला दाबून दाबून ओढा, रोलरच्या मधून वरच्या अरुंद बाजूने ग्रीसचे बारीक कोंब बाहेर यायला लागले की तेवढा भाग भरला, मग थोडं फिरवून पुढचा. नुसतं वरून फासलं तर आत कोरडंच राहतं. हबच्या पोकळीत मात्र गच्च भरू नका, कपाच्या मागे एक थर पुरे. आतलं बेअरिंग ठेवा, सील सपाट ठोकून बसवा, सीलच्या ओठाला बोटाने ग्रीस लावा. डिस्कवर ग्रीसचा हात लागला असेल तर ब्रेक क्लीनरने पुसा.

हब चढवा, बाहेरचं बेअरिंग, वॉशर, नट. आणि इथे हळू व्हा. पहिल्यांदा मी हाच नट व्हील नटसारखा पूर्ण ताकदीने आवळला होता, चाक सैल राहायला नको म्हणून, आणि थोड्याच दिवसांत हब हात लावता येणार नाही इतका तापला, नवीन बेअरिंग निळं पडलं. टेपर बेअरिंगमध्ये नट जितका आवळाल तितके रोलर कपात घुसतात, त्यामुळे थोडं सैल चालतं, थोडं घट्ट चालत नाही. हब एका हाताने फिरवत राहा आणि फिरवता फिरवता नट टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर दाखवणारा पाना) साधारण 30 न्यूटन मीटरपर्यंत आवळा, म्हणजे सगळं जागेवर बसतं. मग नट पूर्ण सैल करा. मग नुसत्या बोटांनी, पाना न लावता, टेकेपर्यंत फिरवा. पिनचं भोक खाचेसमोर आलं नाही तर नट मागे घ्या, भोक जुळवायला पुढे आवळायचा नाही. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा किंवा पद्धत दिली असेल तर तीच करा, फोर बाय फोरमध्ये दोन नट आणि मध्ये लॉक असतो, तिथे प्रकार वेगळा आहे.

नवीन पिन घालून टोकं वळवा, टोपी बसवा, कॅलिपर चढवून त्याचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा, चाक लावून व्हील नट समोरासमोरचे आवळा. गाडी हलवायच्या आधी ब्रेक पॅडल कडक होईपर्यंत पंप करा, पॅड मागे गेलेले असतात, हे विसरलात तर पहिला ब्रेक लागणारच नाही.

दहा-पंधरा किलोमीटर जाऊन या, शक्यतो ब्रेक कमी वापरत, आणि दोन्ही हबच्या टोप्यांजवळ हात नेऊन बघा. कोमट ठीक, एक बाजू दुसरीपेक्षा खूप गरम असेल तर नट परत बघा. 80-100 किलोमीटरनंतर व्हील नट परत टाइट करा. आणि तेव्हा चाक उचलून 12 आणि 6 ला धरून हलवलंत तर एकदम किंचित हलल्यासारखं वाटेल, खटखट नाही, नुसती हातालाच कळेल इतकी चाहूल. ते बघून नट आवळायला जाऊ नका, 0.025 ते 0.125 मिलिमीटर एवढा प्ले, म्हणजे मोकळीक, या बेअरिंगला मुद्दाम ठेवायचा असतो.